ब्रँच ठरलेली नसताना इंजिनिअरिंगला जावं का?

रत्नदुर्ग_पायथा

नमस्कार मंडळी,

लेक बारावी झाली. सीईटीला पर्सेंटाइल चांगले आलेत, इंजिनिअरिंगलाच जायचं हे तिचं पक्कं आहे. अडलंय ते पुढे. कुठली ब्रँच, याचं उत्तर तिच्याकडे नाही. गणित आवडतं. फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला शेवटपर्यंत थांबते. कोड कधी लिहिलेला नाही, त्यामुळे कॉम्प्युटर आवडेल की नाही हे ती सांगू शकत नाही आणि उगीच 'आवडतं' म्हणायची तिची तयारी नाही. मला तिचं म्हणणं पटतं. सतरा-अठरा वर्षांच्या पोरीने इलेक्ट्रिकल आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या कामात फरक काय असतो, हे बघितलंय कुठे?

नात्यातला एक मुलगा टोरांटो विद्यापीठात आहे. तो ब्रँच न निवडताच आत गेला, पहिलं वर्ष सगळ्यांसोबत काढलं आणि मग विभाग निवडला. त्याच्याशी फोनवर बोलल्यापासून लेकीचा एकच धोशा: आपल्याकडे असं का नाही?

जाणकारांनी सांगावं. आपल्या राज्यात असं काही जमतं का? नसेल तर ज्यांचं ठरलेलं नाही त्यांनी ऑप्शन फॉर्म कसा भरावा? घरातले सगळे 'आधी ठरव, मग जा' म्हणतायत. माझं मत उलट आहे. आधी जाऊन वर्षभर बघावं, मग ठरवावं. आम्ही रत्नागिरीत राहतो. मुंबई-पुण्याला पाठवायची तयारी आहे, जवळ मिळालं तर आनंदच.

टी_स्क्वेअर

ताई, कॅपमधून, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, ब्रँचशिवाय प्रवेश नाही. ऑप्शन फॉर्ममध्ये जो कोड भरायचा तोच मुळी कॉलेज आणि ब्रँच मिळून बनलेला असतो. 'कॉलेज हे, ब्रँच नंतर' असा रकाना नाही.

एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो, दरवर्षी कोणीतरी यात अडकतं. पहिल्या फेरीत यादीतला पहिलाच पर्याय मिळाला तर ती जागा आपोआप फ्रीज होते, पुढच्या फेऱ्यांत हलता येत नाही. तेव्हा 'बघू तरी मिळतं का' म्हणून पहिल्या क्रमांकावर काहीही टाकू नका. आणि यंदाचे नियम सीईटी सेलच्या माहितीपुस्तिकेतूनच वाचा, व्हॉट्सॅपवर फिरणाऱ्या चित्रांतून नको. फेऱ्यांचे नियम बदलत असतात.

सड्यावरची_वस्ती

कॉम्प्युटर टाका. विषय संपला.

वाशिष्ठीकाठ

कागदावर ब्रँच लागते हे खरं, पण पहिलं वर्ष पुष्कळसं सामाईक असतं हेही सांगायला हवं. आमच्या वेळी मुंबई विद्यापीठात सगळ्या ब्रँचना तेच विषय होते. अप्लाइड मॅथ्स, फिजिक्स, केमिस्ट्री, मेकॅनिक्स, बेसिक इलेक्ट्रिकल, ड्रॉइंग, प्रोग्रामिंग आणि वर्कशॉप. कॉम्प्युटरवाल्यालाही करवत धरावी लागे आणि सिव्हिलवाल्यालाही लूप लिहावा लागे. आता नव्या शैक्षणिक धोरणामुळे आराखडा बदललाय, पहिल्या वर्षातच ब्रँचचे एक-दोन विषय येतात, पण पाया बराचसा तोच. म्हणजे तुमची लेक म्हणते ते 'बघायचं वर्ष' तिला मिळतंच. फरक इतकाच की दारावरच्या पाटीवर नाव आधी लिहून द्यावं लागतं.

पाटी बदलता येते का? येते, पण वाट अरुंद आहे. दुसऱ्या वर्षाला हव्या त्या ब्रँचमध्ये जागा रिकामी असेल तरच, आणि ती पहिल्या वर्षाच्या गुणांच्या क्रमाने. सिव्हिल-मेकॅनिकलमध्ये जागा असतात, कॉम्प्युटरमध्ये क्वचित. केटी लागली, म्हणजे एखादा विषय राहिला असेल, तर नाव विसरा.

ओणीचा_घाट

वाशिष्ठीकाठ यांच्या प्रतिसादात एक भर. फी माफीच्या योजनेतून, म्हणजे टीएफडब्ल्यूएसमधून जागा घेतली तर कॉलेज किंवा ब्रँच बदलता येत नाही. तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद एआयसीटीई, तिची अटच तशी आहे. ट्यूशन फी वाचते म्हणून घरचे त्या कोडावर उडी मारतात, आणि पोरगं ज्या ब्रँचमध्ये शिरलं त्याच ब्रँचमधून बाहेर पडतं. उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर हा पर्याय तुमच्यासमोर येईलच. ब्रँच ठरलेली नसेल तर टीएफडब्ल्यूएसचा प्रत्येक कोड भरताना दहा वेळा विचार करा. पैसे नाहीत म्हणून घ्यावाच लागला तर घ्या, त्यात कमीपणा नाही, पण अट माहीत असू द्या.

कुडाळचो_झील

ब्रँचीचा काय ता मगे बघू. आधी मेसात बुधवारी मासे मिळतत काय ता इचारा.

रत्नदुर्ग_पायथा

@कुडाळचो_झील, लेकीने हाच प्रश्न सगळ्यात आधी विचारला होता :)

@ओणीचा_घाट, ही अट आम्हाला कोणीच सांगितली नव्हती. खूप आभार.

लोटेकर

मी लोट्याच्या एमआयडीसीत एका केमिकल प्लँटमध्ये इन्स्ट्रुमेंटेशन बघतो. ब्रँच म्हणजे काय हे बारावीच्या मुलाला कळत नाही यात नवल नाही, कारण कामाच्या जागी ब्रँच अशी वेगळी दिसतच नाही. एक उदाहरण देतो.

आमच्याकडे एक रिअ‍ॅक्टर आहे, आत उष्णता बाहेर टाकणारी अभिक्रिया चालते. तापमान ठरलेल्या आकड्याच्या वर जाऊ द्यायचं नाही. भांड्याला बाहेरून जॅकेट, त्यातून थंड पाणी फिरतं, आणि पाणी किती सोडायचं ते एक कंट्रोल व्हॉल्व्ह ठरवतो. आता बघा. अभिक्रियेला किती उष्णता सुटेल हे केमिकलवाला सांगतो. जॅकेट, पंप, व्हॉल्व्हची बॉडी मेकॅनिकलची. पंपाची मोटर आणि तिचा ड्राइव्ह इलेक्ट्रिकलचा. तापमान मोजणारा सेन्सर आणि त्याचा ४ ते २० मिलिअँपिअरचा सिग्नल आमचा. व्हॉल्व्ह किती टक्के उघडायचा हे ठरवणारं लॉजिक कंट्रोलरमध्ये लिहिलेलं, ते जवळपास कॉम्प्युटरवाल्याचं काम. आणि हे सगळं ज्या लोखंडी सांगाड्यावर उभं आहे तो सिव्हिलने काढलाय. गेल्या पावसाळ्यात एका रात्री तो व्हॉल्व्ह अडकू लागला. कारण शोधताना पाच जण उभे होतो आणि शेवटी दोष निघाला व्हॉल्व्ह हलवणाऱ्या हवेच्या लाइनमध्ये साचलेल्या पाण्याचा. कोकणातली दमट हवा, एअर ड्रायर नीट चालत नव्हता. हे कुठल्या ब्रँचचं? ज्याने ड्रेन कॉक उघडून बघितला त्याचं.

तेव्हा ताई, तुमचं मत मला शंभर टक्के पटतं. पण नुसतं वर्ष जाऊन उपयोग नाही. पहिल्या वर्षी मुलं चार भिंतींत जर्नल उतरवत बसतात आणि वर्ष संपल्यावरही तेवढीच अंधारात असतात. ते वर्ष बघण्यात घालवलं तरच ठरवायला काही हाताशी येईल.

सड्यावरची_वस्ती

लोटेकर, तुमचं सगळं मान्य. पण मी एका ओळीत लिहिलं ते का, तेही सांगतो.

आमच्या वाडीत शैक्षणिक कर्ज काढून शिकणारी मुलं आहेत. बापाची दोन एकर कलमं, एखाद वर्षी थंडी नीट पडली नाही की मोहोर जातो आणि हप्ता थकतो. अशा घरातल्या मुलाला 'वर्षभर बघ, मग ठरव' हे सांगायला जीभ रेटत नाही. त्याला पहिल्या नोकरीचा पगार लवकर सुरू व्हायला हवा. आमच्या भागातल्या कॉलेजांत कॅम्पसला येणाऱ्या कंपन्यांत सॉफ्टवेअरच्या जास्त, आणि त्यांतल्या बऱ्याच सगळ्या ब्रँचची मुलं घेत असल्या तरी मुलाखतीत कोड विचारतात. म्हणून म्हटलं, कॉम्प्युटर टाका. ज्याच्या घरी मागे टेकायला भिंत आहे त्याने खुशाल बघत बसावं.

लोटेकर

हे तुम्ही आधी लिहायला हवं होतंत. याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही.

अपरांत_ते_ऑकलंड

मूळचा दापोलीचा, सध्या न्यूझीलंडमध्ये. बाहेरच्या पद्धतीबद्दल थोडं, कारण तिकडचं ऐकून इकडच्यांना वाटतं की सगळं मोकळं रान आहे.

टोरांटोच्या त्या योजनेचं नाव ट्रॅकवन. पहिलं वर्ष सामाईक, मग विभाग निवडायचा. केंब्रिजमध्ये तर पहिली दोन वर्षं सगळे इंजिनिअरिंगच शिकतात, मेकॅनिक्सपासून इलेक्ट्रॉनिक्सपर्यंत, आणि स्पेशलायझेशन तिसऱ्या वर्षापासून. अमेरिकेत पर्ड्यूमध्ये आधी 'पहिलं वर्ष इंजिनिअरिंग' या विभागातच प्रवेश मिळतो. इथे ऑकलंडलाही पहिलं वर्ष सामाईक.

पण ऑकलंडमध्ये पुढच्या जागा मर्यादित आहेत आणि वाटप पहिल्या वर्षाच्या ग्रेडवर. म्हणजे जी स्पर्धा तुमच्याकडे सीईटीच्या दिवशी होते ती इथे वर्षभर चालते. वसतिगृहात असाइनमेंटची उत्तरं एकमेकांना न दाखवणारी मुलं मी पाहिलीत. भारतातही काही आयआयटींनी ब्रँच बदल बंद केला तो पहिल्या वर्षावर येणाऱ्या याच ताणामुळे. पद्धत चांगली की वाईट हे जागा किती आहेत यावर ठरतं. जागा पुरेशा असतील तर उशिरा निवडणं हे सुख आहे. नसतील तर परीक्षा फक्त पुढे ढकलली जाते.

हर्णैबंदर

मी जरा विरोधात बोलतो. 'ठरलेलं नाही' याचं इतकं कौतुक का?

पॉलिटेक्निकला जाणारी मुलं दहावीनंतर ब्रँच निवडतात, पंधरा-सोळाव्या वर्षी. रत्नागिरी आणि मालवणच्या शासकीय पॉलिटेक्निकमधून बाहेर पडलेली, थेट दुसऱ्या वर्षाला डिग्रीला आलेली मुलं बघा. मशीनसमोर उभी राहिली की बिचकत नाहीत. त्यांनी काही जग बघून निवड केली नव्हती. एक वाट धरली आणि तीन वर्षं हात काळे केले. आवड आधी सापडते आणि काम नंतर येतं असं नाही, काम यायला लागलं की आवड लागते. माझ्या भावाच्या मुलाला बोटीची डिझेल इंजिनं दुरुस्त करता येतात. पहिल्या दिवशी त्याला ती आवडत होती असं नाही, तेलाच्या वासाने त्याला मळमळायचं. आज मासेमारीची पावसाळी बंदी उठायच्या आधी जुलैमध्ये त्याच्याकडे बोटवाल्यांची रांग असते.

त्यामुळे चिठ्ठी टाकून मेकॅनिकल घेतलं तरी वाईट होणार नाही, मन लावून केलं तर.

वाशिष्ठीकाठ

@हर्णैबंदर, अर्ध पटलं. पण डिप्लोमाची जी मुलं टिकली ती तुम्हाला दिसतात. पहिल्याच वर्षी केट्यांत अडकून सोडून गेलेली मुलं बंदरावर सांगायला येत नाहीत.

फिटिंग_शॉप

वर्कशॉपमध्ये शिकवण्यात माझी नोकरी गेली, आता निवृत्त आहे. या धाग्यावर राहवलं नाही म्हणून लिहितो.

पहिल्या वर्षाच्या मुलाला आम्ही फिटिंगचा जॉब देतो. माइल्ड स्टीलच्या दोन पट्ट्या. एकीत चौकोनी खाच कापायची, दुसरीचा चौकोन बाहेर ठेवायचा, आणि दोन्ही एकमेकांत बसवायच्या. दिसायला पोरखेळ. हॅक्सॉने कापून झालं की खरं काम सुरू होतं ते कानशीचं. कड सरळ आली का हे बघायला ट्राय स्क्वेअर (काटकोन तपासायची गुण्यासारखी पट्टी) लावून जॉब खिडकीच्या उजेडाकडे धरायचा. पात्याखाली उजेडाची रेघ दिसली की तिथे खड्डा आहे. मग जिथे उजेड नाही तिथे घासायचं, म्हणजे उंचवटा उतरवायचा. नवीन पोरगं नेमकं उलट करतं, जिथे उजेड दिसतो तिथेच घासतं आणि खड्डा वाढवतं.

या एका जॉबवर मी मुलं ओळखायला शिकलो. काही मुलं ती रेघ जाईपर्यंत खिडकी सोडत नाहीत, जेवणाची बेल झाली तरी. काही मुलं आधी वहीत आकृती काढतात, कुठून किती घासायचं त्याचा हिशोब मांडतात आणि मग कानस उचलतात. एक मुलगी मला आठवते, तिने विचारलं होतं, "सर, हे मशीनला कसं सांगायचं?" तिला घासण्यात रस नव्हता, पण सांगण्याच्या पद्धतीत होता. आणि काही मुलं स्वतःचा जॉब बाजूला ठेवून शेजारच्या चौघांचे जॉब मार्गी लावतात. यातलं कोणतं मूल कुठल्या ब्रँचचं, असं मी छातीठोक सांगणार नाही. पण मुलाने स्वतःकडे असं बघितलं तर त्याचं त्यालाच पुष्कळ कळतं. ड्रॉइंगच्या शीटवरही तेच. समोरून आणि वरून दिसणारी दोन दृश्यं दिली की तिसरं डोळ्यापुढे उभं राहतं का? राहत असेल आणि त्यात मजा येत असेल तर सिव्हिल-मेकॅनिकलवाल्यांनी त्या मुलाला सोडू नये.

एक विनंती पालकांना. वर्कशॉपचे मार्क कमी आले म्हणून मेकॅनिकल जमणार नाही, किंवा पहिल्या सेमिस्टरला प्रोग्रामिंगमध्ये केटी लागली म्हणून कॉम्प्युटर जमणार नाही, असा निकाल घरी लावू नका. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाचं पहिलं सेमिस्टर इंग्रजी पुस्तकाशी झगडण्यातच जातं. त्याला विषय नावडता असतो असं नाही. दुसऱ्या सेमिस्टरला बघा.

टी_स्क्वेअर

सर, हा प्रतिसाद छापून प्रत्येक कॉलेजच्या वर्कशॉपच्या दारावर लावायला हवा. उजेड दिसतो तिथेच घासणारी मुलं आमच्या बॅचलाही होती.

लोणेरे_हॉस्टेल

मी सध्या लोणेऱ्याच्या बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात शिकतोय. माझं सांगतो, कदाचित ताईंच्या मुलीला उपयोग होईल.

मला कॅपमध्ये पेट्रोकेमिकल मिळालं. बाहेर फारशी कोणाला माहीत नसलेली ब्रँच. गावात सांगितलं तर 'पेट्रोल पंप चालवणार का' म्हणायचे. पहिल्या वर्षाला मार्क चांगले पडले आणि ब्रँच बदलायचा अर्ज भरायची वेळ आली. वडील म्हणाले, भर. मी अर्ज भरण्याआधी एक केलं. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या सीनियर्सच्या वह्या आणि लॅब जर्नल मागून आणली, माझ्या ब्रँचची आणि मला जायचं होतं त्या ब्रँचचीही. सुट्टीत दोन्ही चाळली. डिस्टिलेशन कॉलमची गणितं बघून मला पुढचं पान उलटावंसं वाटत होतं, दुसऱ्या वह्यांचं तसं झालं नाही. अर्ज भरला नाही. वडील काही दिवस नाराज होते.

माझं म्हणणं, ब्रँचची माहिती देणारे व्हिडिओ बघू नका, त्यात सगळ्याच ब्रँच छान दिसतात. तिसऱ्या वर्षाची वही मागा.

देवगड_कातळ

+१. तिसऱ्या वर्षाची वही हा आजवरचा सगळ्यात कामाचा सल्ला.

अलोरेची_कॉलनी

थोडं अवांतर. माझं बालपण अलोऱ्याच्या कोयना प्रकल्पाच्या वसाहतीत गेलं, त्यामुळे लोटेकरांनी लिहिलेलं मी लहानपणापासून बघत आले. घाटावरचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून खाली येतं, पोफळीच्या डोंगरातल्या वीजगृहात टर्बाइन फिरवतं, कोळकेवाडीला अडतं, पुन्हा वीज करतं आणि शेवटी वाशिष्ठीला मिळतं. सगळे टप्पे मिळून क्षमता १९६० मेगावॅट. १३ मार्च १९९९ ला चौथ्या टप्प्यासाठी लेक टॅपिंग झालं, म्हणजे भरलेल्या जलाशयाच्या तळाशी बोगद्याच्या तोंडावरचा शेवटचा खडक सुरुंगाने उडवून पाणी आत घेतलं. त्या दिवसाची चर्चा घराघरात होती. भूगर्भवाले, सिव्हिलवाले, गेट बसवणारे मेकॅनिकलवाले, सगळे एकाच गोष्टीवर वर्षानुवर्षं काम करत होते. मी पुढे इलेक्ट्रिकल घेतलं ते टर्बाइन बघून नाही, तर आतल्या स्विचयार्डकडे आम्हा मुलांना जाऊ देत नव्हते म्हणून!

कुडाळचो_झील

ह्या खरा कारण. जाव नको म्हटला काय चेडू थयच जातला.

सड्यावरची_वस्ती

आता कोकण रेल्वे येणार बघा.

नदीवरचा_पूल

येणारच! ९१ बोगदे, रत्नागिरीजवळचा साडेसहा किलोमीटरचा करबुडे, ६४ मीटर उंचीचा पानवल नदीवरचा पूल. १९९० मध्ये महामंडळ स्थापन झालं आणि २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्ग खुला झाला. हा मार्ग उभारणारे ई. श्रीधरन सिव्हिलचे. 'सिव्हिलमध्ये काय ठेवलंय' हे वाक्य कोकणातल्या माणसाच्या तोंडी शोभत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला, माणसं गेली. पुढच्या जूनमध्ये नवा पूल वाहतुकीला उभा होता. पुराचं पाणी किती येईल, पायाजवळची माती किती खरवडेल, हे हिशोब ज्याला येतात अशा माणसांची आपल्याकडे गरज आहे. आणि सिव्हिलच्या जागा रिकाम्या राहतात याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आणखी एक, इथे कोणी बोललं नाही म्हणून. ब्रँचला महत्त्व नाही असा सूर दिसतोय तो सरकारी नोकरीच्या बाबतीत खोटा आहे. कनिष्ठ अभियंता (स्थापत्य) या पदाला स्थापत्यचीच पदविका किंवा पदवी लागते. तिथे 'मला काम येतं' म्हणून चालत नाही. मुलीच्या मनात बांधकाम विभाग, जलसंपदा असं काही असेल तर ब्रँच आधीच ठरली समजा. याउलट गेटला, म्हणजे एम.टेक.च्या प्रवेश परीक्षेला, बसताना पेपर निवडायला बरीच मोकळीक आहे, २०२१ पासून दोन पेपर देता येतात. एम.टेक.ला दिशा वळवणारी मुलं आहेत.

ओणीचा_घाट

याच मुद्द्याला धरून, ब्रँचचं नावही बघा. सध्या कॉम्प्युटरच्या आजूबाजूला एआय, डेटा सायन्स, सायबर सिक्युरिटी अशा नावांच्या ब्रँच भरपूर निघाल्यात, २०२४ पासून एआयसीटीईने जागांवरची कमाल मर्यादा उठवल्यावर तर जास्तच. ज्या मुलाचं ठरलेलंच नाही त्याने इतकं अरुंद नाव पहिल्या दिवशी का घ्यावं? मोठ्या, जुन्या नावाची ब्रँच घ्या. कॉम्प्युटर, इलेक्ट्रिकल, मेकॅनिकल, सिव्हिल. त्यातून एआयकडे जाता येतं. ऑनर्स किंवा मायनर म्हणून १८ ते २० जादा क्रेडिटचे विषय घेण्याची सोय बऱ्याच ठिकाणी आहे. इलेक्ट्रिकलची मुलगी डेटा सायन्सचा मायनर करू शकते. प्रवेश घेण्याआधी कॉलेजला विचारा, मायनर प्रत्यक्ष चालतो की फक्त पुस्तिकेत आहे.

हर्णैबंदर

हे मात्र पटलं. रुंद दारातून आत जा.

रत्नदुर्ग_पायथा

सगळ्यांचे किती आभार मानू. दोन दिवस आम्ही मायलेकी धागा वाचतोय, तिच्या बाबांनीही वाचला. फिटिंग_शॉप सरांचा प्रतिसाद तिने मोठ्याने वाचून दाखवला.

आता कुठे आलोय ते सांगते. तिने शेजारच्या दादाकडून इलेक्ट्रिकल आणि मेकॅनिकल, आणि मैत्रिणीच्या बहिणीकडून कॉम्प्युटर अशा तिसऱ्या वर्षाच्या वह्या आणल्या. इलेक्ट्रिकलच्या मशीन्सची आणि कंट्रोल सिस्टिमची वही तिने अजून परत केलेली नाही. सिव्हिलची वही मागितलीच नाही म्हणून नदीवरचा_पूल यांची क्षमा मागते. केमिकलला नाही म्हणतेय. म्हणजे सगळं नाही, पण काय नको ते तरी ठरलं.

सड्यावरची_वस्ती, तुमचं म्हणणं आमच्याकडेही लागू आहे, कर्ज काढावं लागणारच. तिच्या बाबांना तुमचाच प्रतिसाद सगळ्यात पटला. म्हणून विचारते, यादीत इलेक्ट्रिकल आणि कॉम्प्युटर आलटून-पालटून टाकले तर चालतील का? की आधी एका ब्रँचची सगळी कॉलेजं आणि मग दुसरीची?

टी_स्क्वेअर

आलटून-पालटून टाकायला काहीच हरकत नाही. संगणक तुमच्या यादीत वरून खाली बघत येतो आणि तुमच्या गुणवत्तेत बसणारा पहिला कोड देतो. कमी आवडीचा पर्याय वर टाकला तर जास्त आवडीचा हुकतो, एवढंच ध्यानात ठेवा. तेव्हा प्रत्येक दोन ओळींत एकच प्रश्न विचारा: हे दोन्ही मिळत असतील तर मी कुठलं घेईन? त्याच क्रमाने भरा. मागच्या वर्षीचा कटऑफ बघून 'हे मिळणार नाही' म्हणून आवडीचा कोड गाळू नका. आणि जिथे मिळालं तरी जाणारच नाही तो कोड टाकूच नका. टीएफडब्ल्यूएसचे कोड वेगळे असतात, ओणीचा_घाट यांचं लक्षात असू द्या.

सड्यावरची_वस्ती

ताई, इलेक्ट्रिकल घेतलं तर माझं एकच सांगणं. पहिल्या वर्षीचं प्रोग्रामिंग पास होण्यापुरतं करू नका, पोरीला नीट शिकू द्या. मग माझी तक्रार नाही. कर्जाचं म्हणाल तर बँकेत प्रवेशाच्या आधीच जाऊन कागदपत्रांची यादी आणा, उत्पन्नाच्या दाखल्याला तहसीलमध्ये वेळ लागतो.

फिटिंग_शॉप

मुलीला आशीर्वाद. ड्राफ्टर (ड्रॉइंगच्या बोर्डाला लावायचं पट्ट्यांचं साधन) नवा घेऊ नका, सीनियरकडून जुना मागा, वर्षभराचंच काम असतं. त्याचे स्क्रू घट्ट आहेत ना, पट्ट्या काटकोनात येतात ना, एवढं घेताना तपासा.

लोटेकर

ताई, आमच्या व्यवस्थापकांशी बोललो. जुलैत एका शनिवारी विद्यार्थ्यांना प्लँट बघायला आणायला त्यांची हरकत नाही, आधी नावं द्यावी लागतील आणि गेटवर सुरक्षेची सूचना ऐकावी लागेल. मोबाइल बाहेर ठेवायचा. तुमची लेक आणि तिच्या मैत्रिणी आल्या तर कंट्रोल रूम आणि इलेक्ट्रिकलचं सबस्टेशन दोन्ही दाखवतो. धाग्यावरची इतर कोणाची मुलं येणार असतील तर त्यांनीही व्यक्तिगत निरोप पाठवा. बुटांचे नंबर मात्र नावांसोबतच कळवा. सेफ्टी शूज आमच्या स्टोअरमध्ये मोठ्या मापाचेच पडून असतात, लहान मापाचे मागवावे लागतील.